नाव ग्रीक, वीट रोमन

आईने साताऱ्याच्या शाळेत तेहेतीस वर्षं इतिहास शिकवला. काका पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. नात्याने दीर-भावजय, आणि गेली चाळीस वर्षं एकमेकांचं म्हणणं खोडून काढण्यात दोघांनाही सारखीच गोडी. मी मिलानला नोकरी करते. ऑक्टोबरात दोघं माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना सिसिलीत ताओर्मिनाला नेलं. समुद्रापासून दोनेकशे मीटर उंचीवर, डोंगराच्या खांद्यावर बसलेलं गाव. खाली भूमध्य समुद्राचा तो तुकडा, ज्याला आयोनियन म्हणतात. नैऋत्येला एटना ज्वालामुखी, माथ्यावर बारीक धूर. आईच्या पिशवीत दोनशे पानी वही होती, काकांच्या खिशात मोजायची टेप. दोन दिवसांत मी फारशी बोलले नाही, मला बोलू दिलं नाही म्हणा. जे कानावर पडलं ते इथे मांडते.

रेल्वे स्टेशन खाली किनाऱ्यावर आहे. तिथून बस वळणावळणाने वर चढते. पहिल्याच वळणावर वही उघडली.

आई : भाऊजी, गाव इतक्या वर का, ते आधी ऐका. खाली तो जमिनीचा तुकडा समुद्रात घुसलाय ना, तिथे नाक्सोस होतं. ग्रीसच्या युबिया बेटावरून आलेल्या लोकांनी इ.स.पू. ७३४ मध्ये वसवलेलं, सिसिलीतली पहिली ग्रीक वसाहत. इ.स.पू. ४०३ मध्ये सिराक्यूजच्या डायोनिसियसने ते पार उद्ध्वस्त केलं. उरलेसुरले लोक पांगले. मग ३५८ मध्ये अँड्रोमाखस नावाच्या माणसाने त्यांना इथे वर गोळा केलं. किनाऱ्यावर हात पोळलेल्या माणसांचं गाव आहे हे.

काका : माणसं वर चढली, ठीक. पाणी कोणी चढवलं?

आई : झालं यांचं सुरू.

काका : अहो, रायगडावर गेलो होतो तेव्हा तुम्ही आधी सिंहासनाच्या जागेला नमस्कार केलात आणि मी गंगासागर बघायला गेलो. गड पडतो तो बहुतेक वेळा पाणी किंवा धान्य संपल्यामुळे. तुमच्या वहीत वेढ्यांच्या तारखा असतील, टाक्यांचा हिशेब आहे का?

आई : वेढे आहेत. इ.स. ९०२ चा ऑगस्ट. अरबांनी हे गाव घेतलं. सिसिलीत बायझंटाइन सत्तेचा मोठा असा हा शेवटचा किल्ला उरला होता. पुढे अकराव्या शतकात नॉर्मन आले. टाकी तुम्ही शोधा.

काका : शोधतोच.

इथे सगळे प्रवासी बॅग ठेवून जिकडे पळतात, तिकडेच आम्हीही गेलो. तेआत्रो ग्रेको, म्हणजे ग्रीक नाट्यगृह. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे एकशे नऊ मीटर. सिसिलीत याहून मोठं प्राचीन नाट्यगृह फक्त सिराक्यूजला आहे. अर्धगोलात चढत गेलेल्या बैठका, समोर रंगमंचामागची विटांची उंच भिंत, तिच्या मधोमध मोठं खिंडार आणि त्या खिंडारात नेमका बसवल्यासारखा एटना. आई एका पायरीवर बसली आणि पाच मिनिटं काहीच बोलली नाही. काका भिंतीशी गेले, टेप लावून आले.

काका : वहिनी, ग्रीक कुठे आहे हो यात?

आई : म्हणजे?

काका : वीट आहे. साडेतीन-चार सेंटिमीटर जाडीची, आपल्या विटेच्या जेमतेम निम्मी. मधला चुन्याचा थर जवळपास विटेएवढा. हे रोमन वीटकाम. ग्रीक लोक घडीव दगडात बांधायचे, हे तुम्हीच मला अनेकदा ऐकवलंय. फलकावर ग्रीक म्हणून कसं लिहिलं?

आई : कारण मूळ ग्रीकच आहे. उतार खडकात खोदून बैठका काढल्या त्या ग्रीक काळात, इ.स.पू. तिसऱ्या शतकात. इथल्या एका बैठकीवर फिलिस्टिस हे नाव कोरलेलं सापडलं. सिराक्यूजचा राजा दुसरा हिएरॉन, त्याची ही राणी. रोमनांनी नंतर, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, ते नव्याने बांधून काढलं. पण जागेची निवड बघा ना! समोर डोंगर, खाली समुद्र. जर्मन कवी गटे १७८७ च्या मे महिन्यात इथे बसला आणि भारावला. ग्रीकांना सौंदर्याची दृष्टी होती, भाऊजी. तुमच्या खात्यात ती नसते.

काका : असू दे. ग्रीकांना उतार हवा होता. आयता अर्धगोल उतार मिळाला की भराव करावा लागत नाही, खोदाई वाचते. पण ते सोडा. मला एक सांगा. रोमन प्रेक्षक इथे, तुम्ही बसलाय त्याच पायरीवर बसायचा. त्याला समोर काय दिसायचं?

आई : एटना.

काका : भिंत दिसायची! ही भिंत अखंड होती. दोन मजली, खांब, कोनाड्यांत पुतळे. रोमनांना नाटकाच्या मागे बंद पडदाच हवा असायचा. एटना त्या भिंतीमागे गडप. तुम्ही, तुमचा गटे आणि मोबाइल उंचावून उभी असलेली ही सगळी मंडळी जे बघताय, ते बांधणाऱ्याने दाखवायचं म्हणून ठेवलेलंच नाही. ते भगदाड आहे. भिंत पडली म्हणून डोंगर दिसला.

आईने वही मिटली. आई वही मिटते तेव्हा ती उत्तर शोधत असते, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक होतं.

आई : बरं, पडली. पण नुसती पडली नाही. हिचे दगड, संगमरवर, खांब लोकांनी वाहून नेले. खाली कॅथीड्रलमध्ये गुलाबी संगमरवराचे खांब आहेत, ते इथलेच असं सांगतात. म्हणजे आपण ज्याला वा वा करतोय ती एक मोठी चोरी आहे.

काका : चोरी कशाला? गावाने आपला माल वापरला. रोमनांनीही तेच केलं होतं. पुढे पुढे त्यांना नाटकाचा कंटाळा आला, तर मधलं गोल अंगण वाढवून तिथे ग्लॅडिएटर उतरवले. खालच्या बैठकांच्या रांगा त्यापायी गेल्या. आता उन्हाळ्यात इथे संगीताचे कार्यक्रम होतात, चित्रपट महोत्सव भरतो. जे वापरात राहिलं ते टिकलं.

आई : वापराने झिजलंही. मूळ काय होतं ते कळायलाच हवं. माझं एवढंच म्हणणं आहे की फलकावर खरं लिहावं. नाव ग्रीक आणि वीट रोमन, हे चालणार नाही.

काका : मग समोर उभे आहेत त्या खांबांवरही लिहा. एकोणिसाव्या शतकात पडलेले खांब उचलून पुन्हा उभे केलेत ते. म्हणजे हा जो सुंदर भग्नावशेष आहे ना, त्याचीही मांडामांड झालेली आहे.

आई : हे कुठे वाचलंत?

काका : तुमच्याच वहीत. तुम्ही डुलकी काढत होतात तेव्हा बसमध्ये चाळली.

आईला हसू आवरेना. मग तिने तिच्या पद्धतीने डाव उलटवला.

आई : चला, मानलं. आता तुम्ही सांगा. तुम्ही दुरुस्तीवाले. ही भिंत तुमच्या डिव्हिजनमध्ये असती तर काय केलं असतंत?

काका : (बराच वेळ समोर बघत) इस्टिमेट केलं असतं. विटा, चुना, परांची. खालून वर बांधत आणून खिंडार बुजवलं असतं.

आई : मग करा इस्टिमेट.

काका एटनाकडे बघत बसले. टेप खिशात गेली. थोड्या वेळाने म्हणाले, "नको. ही एक राहू दे."

या वाक्याची तारीख आईने वहीत टिपून ठेवली आहे.

दुपारी आम्ही कोर्सो उंबेर्तोवर खायला थांबलो. मेस्सिना दरवाजापासून कातानिया दरवाजापर्यंत गावाच्या पोटातून जाणारा हा मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंना महागडी दुकानं, मध्ये जहाजांतून उतरलेले जथे. बदामाचा ग्रानिता घेतला. आपल्या बर्फाच्या गोळ्याचा हा घरंदाज चुलतभाऊ : बारीक, ओलसर, चमच्याला न चिकटणारा. सोबत ब्रिओश, म्हणजे अंडी-लोण्याचा मऊ पाव. त्याच्या डोक्यावर पिठाची एक लहान गोळी बसवलेली असते. तिला इथे तुप्पो म्हणतात. आईने बघताक्षणी सांगितलं, "हा तर अंबाडा!" दुकानदाराला मी ते खुणेने समजावलं तेव्हा तो खूश झाला, कारण तुप्पो म्हणजे अंबाडाच. आधी अंबाडा मोडायचा, ग्रानितात बुडवायचा आणि तोंडात टाकायचा, अशी रीत. त्या दहा मिनिटांत वाद झाला नाही.

बिल आलं आणि वाद परतला.

आई : हे गाव राहिलंय कुठे? नाटकाचा सेट आहे. सान दोमेनिको हा पंधराव्या शतकातला डोमिनिकन साधूंचा मठ. १८९६ पासून तिथे हॉटेल आहे. परवा कुठल्याशा इंग्रजी मालिकेत दाखवलं, तेव्हापासून लोक बाहेरच्या दरवाज्याचे फोटो काढतात. ओवऱ्या बघायच्या तर खोली घ्या. मठ बघायला श्रीमंत असावं लागतं, हे कुठल्या संताला पटेल?

काका : आणि हॉटेल नसतं तर? १९४३ च्या जुलैमध्ये त्याच्यावर बॉम्ब पडले. जर्मनांचं ठाणं होतं म्हणून. मठाचं चर्च गेलं, ओवऱ्या राहिल्या. हॉटेलवाल्याला त्या जपण्यात फायदा होता म्हणून जपल्या. ज्या इमारतीला मालक नाही तिच्या भिंतीत पिंपळ उगवतो. पिंपळ उपटायच्या कामाला मंजुरी मिळवताना माझे केस पांढरे झालेत, मला नका सांगू.

आई : त्यापेक्षा तो चौकातला सान्त अगोस्तीनो बघा. जुनं चर्च, आता गावाचं वाचनालय. वापर असावा तर असा.

काका : हे बघा, तुम्हीच वापर म्हणालात.

तो चौक म्हणजे पियात्सा नोवे अप्रीले. कोर्सोच्या मध्यावर रस्ता अचानक एका बाजूने उघडतो आणि कठड्यापलीकडे थेट समुद्र दिसतो. एका अंगाला घड्याळाचा बुरूज, त्याच्या पोटातून रस्ता पुढे मध्ययुगीन वस्तीत शिरतो. बुरूज जुना, पण चौदाव्या लुईच्या फ्रेंच सैन्याने १६७६ मध्ये पाडला आणि गावाने तीन वर्षांत पुन्हा उभा केला. काकांनी तेवढंच ऐकलं आणि खूश झाले. पण चौकाच्या नावावर त्यांची गाडी अडली.

काका : नोवे अप्रीले म्हणजे नऊ एप्रिल ना? त्या दिवशी काय झालं?

आई : काहीच नाही.

काका : म्हणजे?

आई : ९ एप्रिल १८६०. कॅथीड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना बातमी आली की इटली एक करायला निघालेला गॅरिबाल्डी सैन्य घेऊन सिसिलीतल्याच मार्सालाला उतरला. लोक आनंदाने बाहेर धावले. बातमी खोटी होती. गॅरिबाल्डी मार्सालाला उतरला तो ११ मे रोजी, महिन्याभराने.

काका : आणि चौकाला नाव अफवेचं? हे मात्र बदला. सकाळी ग्रीक शब्दासाठी एवढ्या भांडलात, इथे तर तारीखच चुकलीय.

आई : नाही. इथे बदलायचं नाही.

काका : का?

आई : गॅरिबाल्डीचं येणं बघायचं तर मार्साला आहे. या चौकात घडलं ते एवढंच की लोक वाट बघून इतके टेकीला आले होते, की पहिल्या बातमीला धावत सुटले. ते नऊ एप्रिललाच घडलं. तारीख चुकलेली नाही, भाऊजी.

काकांनी कठड्यावर हात ठेवला. फरशी तपासली, बुरुजाकडे बघितलं.

काका : हे मला कुठल्याही भिंतीला टेप लावून कळलं नसतं.

आई : म्हणून वही असते.

उरलेल्या दुपारी या गावात नाव आणि वस्तू यांचं कुठे कुठे फाटतं, याची दोघांना चटकच लागली. कॅथीड्रलसमोर १६३५ मधलं कारंजं आहे. त्याच्या माथ्यावर गावाचं चिन्ह : सेंटॉर. तो पुरुष असतो आणि त्याला घोड्याचे चार पाय असतात, असं आईने आयुष्यभर मुलांना शिकवलं. इथे आहे ती मुकुट घातलेली बाई, आणि तिला पाय दोनच. सान्ता कातेरीना या चर्चच्या मागे रोमनांचं छोटं नाट्यगृह आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते जमिनीत गाडलेलं होतं. आणि तेही मुळात एका ग्रीक देवळाला खेटून बांधलेलं. शेजारचा पालात्सो कोरवाया अरब काळातल्या बुरुजाभोवती वाढत गेला. १४११ मध्ये सिसिलीचं पार्लमेंट तिथे भरलं होतं, म्हणजे चौकोनी बुरुजाचा वाडा झाला आणि वाड्याचं सभागृह. संध्याकाळी रोपवेने खाली मात्सारोला उतरून इसोला बेल्ला बघितलं. नावाचा अर्थ सुंदर बेट. काका पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूच्या पट्टीवरून चालत तिथे पोचले आणि पलीकडून ओरडले, "वहिनी, हेही बेट नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी काकांनी आपलं टाकं शोधून काढलं. कोर्सोवरून खाली उतरणारी एक अरुंद गल्ली, नाव व्हिया नौमाखिया. तिथे एकशे बावीस मीटर लांबीची रोमन विटांची भिंत उभी आहे. उंची पाचेक मीटर, आणि तिच्यात ओळीने अठरा मोठे अर्धगोल कोनाडे. वर घरं, समोर जिने, वाळत घातलेले कपडे.

आई : नौमाखिया म्हणजे जलयुद्धाचा खेळ. रोमन लोक तलाव भरून त्यात खोट्या लढाया करायचे.

काका : या उतारावर? कुठे तरंगवणार जहाजं? वहिनी, हीही पाटी खोटी.

आई : खोटी आहे, माहीत आहे मला. जलयुद्ध इथे कधी झालं नाही. भिंतीमागे पाण्याचं मोठं टाकं होतं, असं लिहिलंय. तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं.

काका : (भिंतीला हात लावत) मग हे बघा. हे कोनाडे पुतळ्यांसाठी असतील-नसतील, मला ते माहीत नाही. पण आपल्याकडून बघताना ते खोलगट आहेत, म्हणजे मागून, डोंगराच्या बाजूने, त्यांना पोट आहे. मागून माती आणि पाण्याचा रेटा येतो तो या पोटावर. आडवी पाडलेली कमान. रेटा कमानीतून दोन्ही बाजूंच्या जाड भागांवर जातो. केरळातलं इडुक्कीचं धरण असंच पाण्याकडे पोट काढून उभं आहे. सरळ भिंत बांधली असती तर याहून कितीतरी जाड करावी लागली असती.

आई : आणि टाकं गळायचं नाही?

काका : रोमन टाक्यांना आतून गिलावा करायचे. चुन्यात भाजलेल्या विटेची पूड.

आई : ती सुरखी झाली.

काका : सुरखीच! आमची जुनी चुन्यातली धरणं बघा. सुरखी घातली की चुना पाण्यातही घट्ट होतो. नुसता चुना होत नाही.

आईने वही उघडली आणि लिहिलं : नौमाखिए, १२२ मी., १८ कोनाडे, पोट डोंगराकडे, सुरखी. मग क्षणभर थांबून म्हणाली, "भाऊजी, काल बसमध्ये तुम्ही विचारलंत पाणी कोणी चढवलं. ते तर अजून कळलंच नाही."

"चढवलं नसणार. वरच्या डोंगरातून उतरवून इथे अडवलं असणार," काका म्हणाले. "उतार असला की पाणी अडवणं जमतं."

आम्ही तिथे पाऊण तास होतो. तेवढ्या वेळात गल्लीतून एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेली आणि एक मांजर आलं. दोनशे पावलांवर कोर्सोवर चालायला जागा नव्हती.

मला कोणाची बाजू घ्यायची झाली तर थोडी आईची घेईन : वहीशिवाय तो चौक म्हणजे समुद्राकडे उघडणारी मोकळी जागा, बाकी काही नाही. थोडी काकांची : भिंतीला हात न लावता परतलो असतो तर नाट्यगृह ग्रीक आणि नौमाखिया लढाईचा तलाव समजूनच परतलो असतो. तुम्ही ताओर्मिनाला गेलात तर फलक शेवटी वाचा, आधी वीट बघा, आणि वाचल्यावर पुन्हा एकदा विटेकडे या. नाट्यगृहाला तिकीट आहे आणि रांग आहे. नौमाखियाच्या भिंतीपाशी दोन्ही नाहीत.